दुर्वेशची धाव

आमच्या जहाजावर एकच माणूस धावायचा आणि बाकी सगळे तंदुरुस्त राहायचे.

थट्टा वाटली ना? मलाही वाटली होती. कंपनीच्या बाईंनी मुंबईच्या ऑफिसात पडद्यावर चित्रं दाखवत हे सांगितलं, तेव्हा मी शेजारी बसलेल्या इब्राहिम सारंगाला कोपरानं ढोसलं आणि म्हटलं, "म्हणजे जेवणार एक आणि ढेकर देणार आपण!" तो तोंडावर रुमाल धरून हसला. बाईंनी आमच्याकडे मास्तरणीसारखं बघितलं, मग गप्प बसलो.

मी हेमंत खवणेकर. 'नीलांबरी' या मालवाहू जहाजावर भंडारी होतो, म्हणजे स्वयंपाकी. वेंगुर्ल्याजवळचा. तोंडाचा मी फटकळ आहे, ते आमच्या गावात कुणालाही विचारा. घरात आम्ही मालवणी बोलतो. ती सगळी इथं लिहीत बसलो तर निम्मे लोक वाचायचं सोडून देतील, म्हणून बरंचसं सरळ करून सांगतो.

आणि तो धावणारा होता माझा भाचा दुर्वेश. माझी धाकटी बहीण दर्शना, तिचा एकुलता एक मुलगा.

आधी हे धावण्याचं प्रकरण काय ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पूर्वी जहाजावर वीस-बावीस माणसं असत. जहाज हाकायला, वाट शोधायला, माल मोजायला यंत्रं आली, तसे आम्ही अकरा उरलो. पण आग लागली तर पाण्यानं भरलेला पाइप ओढायला माणूसच लागतो. बेशुद्ध पडलेल्याला इंजिनरूमच्या तळातून उभ्या जिन्यानं वर आणायला माणूसच लागतो. अकराजणांत ही कामं करायची म्हणजे प्रत्येकाच्या अंगात बळ हवं. म्हणून कंपनी आमची परीक्षा घ्यायची. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मुखवटा, आणि खांद्यावर माणसाच्या वजनाचा एक बाहुला घेऊन वर चढायचं. त्या बाहुल्याला आम्ही 'जावईबापू' म्हणायचो. काही काम करत नाही, जड तेवढा, आणि आपटला तर वर बोलणी खायची.

जावईबापूंनी भल्याभल्यांना रडवलं. कंपनीनं आधी सगळ्यांना ट्रेडमिलवर धावायला लावलं. दम वाढला, पण बाहुला उचलेना. मग वजनं उचलायला लावली. बाहुला उचलला, पण दुसऱ्या जिन्यावर धाप. दोन्ही एकदम केलं तर दोन्ही अर्धवट. आमच्या सेकंड ऑफिसर सबनीस मॅडम, त्यांच्याकडेच जहाजावरचं औषधपाणी असायचं, त्यांनी मला एकदा चहा पिता पिता समजावून सांगितलं होतं.

"भंडारी, स्नायूला दोन वेगवेगळे हुकूम देता येतात. एक, खूप वेळ टिक. दुसरा, जाड आणि ताकदवान हो. दोन्ही हुकूम लागोपाठ दिले की ते एकमेकांना अडवतात. मध्ये वेळ सोडायला हवा, झोप हवी, खाणं हवं."

"झोप? या जहाजावर?" मी म्हटलं. "मॅडम, इथे डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी पंप दुरुस्तीला उठवतं."

तिथेच तर गोम होती. व्यायाम कुणालाही जमला असता, व्यायामाला लागणारा वेळ कुणाकडेच नव्हता.

मग तो शोध लागला. माणूस धावतो तेव्हा त्याचे स्नायू रक्तात शेकडो प्रकारचे बारीक निरोप सोडतात. हृदयाला निरोप, जोर वाढव. हाडांना निरोप, घट्ट व्हा. आणि खुद्द स्नायूंना निरोप, उद्या पुन्हा हेच करायचंय, तयारीला लागा. माणूस बळकट होतो तो हे निरोप पोचल्यावर, रात्री झोपेत. शास्त्रज्ञांनी विचार केला, एकाच्या रक्तातले हे निरोप गाळून घेतले आणि दुसऱ्याला टोचले तर? दुसऱ्याच्या स्नायूंना वाटलं की आपणच धावलो. बस्स. रोजचं जहाजावरचं कष्टाचं काम आणि वर हे निरोप, एवढ्यावर माणूस तयार व्हायला लागला. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, आम्ही नुसतं 'रस' म्हणायचो. एका जहाजावर एक धावक ठेवायचा, त्याचं रक्त सगळ्यांशी जुळणारं हवं. सकाळी त्यानं धावायचं, तो दमाचा रस. संध्याकाळी वजनं उचलायची, तो ताकदीचा रस. दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत, थंड कपाटात. भांडणच मिटलं.

दुर्वेश शाळेपासून धावायचा. जिल्ह्यात पहिला, पुढे कुठे डाळ शिजली नाही. त्याचं रक्त जुळलं आणि तो नाचतच घरी आला. मी स्पष्ट सांगितलं, "नको. रक्त द्यायचं ते आजाऱ्याला द्यावं. धडधाकट माणसांना कशाला?"

दर्शना माझ्या बाजूची असेल असं मला वाटलं होतं. पण ती म्हणाली, "दादा, तू आहेस ना त्याच जहाजावर? मग मला कसली काळजी?"

मी म्हटलं, "बरं, माझ्या डोळ्यांसमोर राहील," आणि त्या दिवसापासून तो पोरगा माझ्या जिवाला लागला.

पहिले काही महिने मजेत गेले, खोटं कशाला बोलू. सकाळी चहाचं आधण ठेवलं की वरच्या मजल्यावरून ट्रेडमिलचा धडधड आवाज यायचा. धावून झालं की तो गाळणीच्या यंत्राशेजारी आडवा व्हायचा. दंडाला नळी, एका बाजूनं रक्त जायचं, निरोप गाळले जायचे, बाकीचं रक्त परत अंगात. मग तो माझ्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, यायचा आणि जे खायचा ते बघून मला धन्य वाटायचं. भाकऱ्यांची चळत, अंडी, सुरमईचे तुकडे. सगळे त्याला 'पळपुट्या' म्हणून हाक मारायचे. तोही हसून ओ द्यायचा.

रविवारी मॅडम सगळ्यांना रस टोचायच्या. मलाही. पन्नाशी उलटलेला मी, आयुष्यात बस पकडायलासुद्धा कधी धावलो नाही. मी तांदळाची पोती एकावर एक रचायला लागलो. इब्राहिम सारंग तर माझ्याहून मोठा. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. हर्णैचा हा माणूस, त्याचे गुडघे कामातून गेलेले. तो जावईबापूंना खांद्यावर टाकून जिना चढला आणि वर आल्यावर दुर्वेशच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "पोरा, अल्ला तुला बरकत देवो! हे पाय तुझे आहेत."

दुर्वेश लाजला. त्या रात्री आईला फोनवर काय सांगत होता ते मी ऐकलं. "आई, मी एकटा धावतंय, पण दहा जणांच्या पायांत आसंय."

दर्शना पलीकडून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. हसली असणार.

पुढे कंपनीला आणखी अक्कल सुचली. एवढी दणकट माणसं आहेत तर अकरा कशाला? दोघांना उतरवलं, नऊ राहिलो. प्रत्येकाचं काम वाढलं, म्हणून प्रत्येकाचा रस वाढवला. पूर्वी दुर्वेशचं रक्त एक दिवसाआड गाळायचे, ते रोज दोन वेळ गाळायला लागले. त्याला डेकवरच्या कुठल्याही कामाला हात लावायची बंदी होती. पाय मुरगळला तर सगळ्या जहाजाचा रस बंद, असा हिशेब. जावईबापूंच्या परीक्षेलाही त्याला कधी उभं केलं नाही. धावकाची कसली परीक्षा घ्यायची?

मी भंडारी. माणूस किती खातो आणि ते त्याच्या अंगाला लागतं का, एवढं मला दिसतं. त्याचं खाणं तेच होतं, पण शर्ट खांद्यावरून उतरायला लागले. गालफडं बसली. मी लाडू केले, अंडी वाढवली, कालवणात खोबरं जास्त घातलं. काही उपयोग नाही. एकदा तो लोणचं घ्यायला गॅलीत आला. बरणीचं झाकण फिरवायला लागला आणि ते फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला. कपाळाला घाम.

"हात ओले आहेत मामा," तो म्हणाला.

मी बरणी घेतली आणि एका हिसक्यात उघडली. हात पुसायचं फडकं त्याच्या खांद्यावरच होतं.

मी तडक मॅडमकडे गेलो. मॅडम वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगतो. त्यांनी माझ्यासमोर यंत्राचे आकडे काढले. "भंडारी, हे बघा. त्याच्या रक्तातले निरोप दर आठवड्याला वाढतायत. कंपनीच्या कुठल्याच धावकाचा रस इतका कसदार नाही. तो अशक्त होत असता तर रस कमी झाला असता ना?"

"मॅडम, पोराला बरणी उघडत नाही."

मग त्यांनी किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारलं. तिकडून उत्तर आलं की धावणारी माणसं सडपातळच असतात, खाणं वाढवा. म्हणे खाणं वाढवा! मला, भंडाऱ्याला, हे सांगतात! मी कप्तानांकडेही गेलो. कप्तान रणदिवे भला माणूस, पण आकड्यांवर विश्वास. तेही तेच म्हणाले.

मग मी दुर्वेशलाच धरला. ट्रेडमिलजवळ भिंतीला टेकून बसला होता.

"पुढच्या बंदरात उतर आणि घरी जा."

"मामा, केपटाउनला सगळ्यांची परीक्षा आहे. ती होऊ दे."

"खड्ड्यात गेली परीक्षा!"

"इब्राहिमचाचा नापास झाले तर त्यांना तिथूनच घरी पाठवतील. पास्कल ऑइलरचंही तसंच, त्याला आत्ता कुठे पोर झालंय. माझा रस बंद झाला की महिनाभरात सगळे ढिले पडतील." तो धापा टाकत बोलत होता. धावून बराच वेळ झाला होता तरी. "मी कधी कुणाच्या उपयोगी पडलो सांग? शाळेत मेडलं मिळाली ती आईनं कपाटात ठेवली. इथे पहिल्यांदा माझ्या धावण्याचा कुणाला तरी उपयोग होतोय."

"आणि तुझं काय?"

"केपटाउनला उतरतो. आईची शपथ."

आईची शपथ म्हटल्यावर मी मान्य केलं. केपटाउन फार लांब नव्हतं. मी स्वतःला समजावलं की एवढेच दिवस काढायचे आहेत.

आग लागली ती दुपारी, जेवणं आटोपल्यावर. मी पातेली घासत होतो. घंटा वाजली आणि पायाखालून धुराचा वास आला. इंजिनरूमच्या तळाशी तेल गाळायची खोली असते, तिथे तेल भडकलं होतं. पास्कल खाली होता. पास्कल म्हणजे आमचा वसईचा ऑइलर, यंत्रांना तेलपाणी करणारा, देहानं आडदांड. त्याचा आवाज एकदा आला, मग बंद झाला.

नऊ माणसं, सगळी ठरलेल्या जागी. कप्तान वर सुकाणूवर. दोन्ही इंजिनियर पंपांवर, त्यांना तिथून हलता येत नव्हतं. आत जायचं होतं चीफ ऑफिसर आणि इब्राहिम सारंग या दोघांनी. एकट्यानं आत जायचं नाही, हा नियमच. पण चीफसाहेबांनी दार उघडलं आणि ज्वाळेचा लोट बाहेर आला. त्यांचे दोन्ही हात भाजले, ते कळवळत खाली बसले. इंजिनियरांनी पंपावरूनच छतातले बारीक फवारे सोडून ज्वाळा दाबली, पण धूर काळाकुट्ट, आणि पास्कल आतच.

आता दारापाशी उरलो आम्ही चौघं. मॅडम, इब्राहिम सारंग, मी आणि दुर्वेश. मॅडमना बाहेर राहून सगळं सांभाळायचं होतं. इब्राहिमभाईला जोडीदार हवा होता.

सगळ्यांनी दुर्वेशकडे बघितलं.

का बघणार नाहीत? दोन्ही इंजिनियर, चीफसाहेब, इब्राहिमभाई, सगळ्यांच्या अंगातलं बळ याचं. मग हा स्वतः केवढा बळकट असेल! तिथे उभ्या असलेल्या शहाण्या माणसांना दुसरं काही सुचलंच नाही. मॅडमचासुद्धा हात चीफसाहेबांच्या टाकीकडे गेला आणि त्यांनी ती त्याच्यापुढे धरली.

मी ओरडलो, "तो नको! मी जातो! त्याच्यापेक्षा माझ्यात जास्त जोर आहे!"

"भंडारी, तुमच्यातला जोरही त्याचाच आहे," मॅडम म्हणाल्या. "वेळ नाही आता."

मी दुर्वेशचा दंड धरला. माझी बोटं त्या दंडाभोवती पुरती मिटली. त्यालाही ठाऊक होतं. डोळ्यांत दिसत होतं की त्याला सगळं ठाऊक आहे. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि आत पास्कल होता.

"मामा, माका सोड," तो म्हणाला. त्यानं मुखवटा चढवला आणि इब्राहिमभाईच्या मागोमाग धुरात शिरला.

आत काय झालं ते इब्राहिमभाईनं मला नंतर सांगितलं. पास्कल तळाच्या जिन्याशी पडला होता. दोघांनी त्याला उचललं, इब्राहिमभाईनं काखेतून, दुर्वेशनं पायांकडून. पहिला जिना चढले. मधल्या टप्प्यावर दुर्वेशचे गुडघे दुमडले. तो उठला. पुन्हा दुमडले. त्याच्या मुखवट्यातून श्वासाचा नुसता फासफूस आवाज येत होता आणि टाकीवरचा काटा भराभर खाली चालला होता. इब्राहिमभाईनं त्याला हातानं वर ओढायला बघितलं. दुर्वेशनं हात झटकला, पास्कलकडे बोट दाखवलं, मग वर दाराकडे. पास्कलला आधी ने. इब्राहिमभाईनं पास्कलला एकट्यानं खांद्यावर घेतलं आणि बाहेर आणलं.

मी दारात इब्राहिमभाईला बघितलं, त्याच्या खांद्यावर पास्कलला बघितलं, आणि मागे कुणी नव्हतं.

टाकी-मुखवट्याचा जादा संच भिंतीला टांगलेला होता. मी तो कधी चढवला ते आठवत नाही. एकट्यानं जायचं नाही, असं सांगून कुणी मला अडवलं नाही. मॅडम पाइप धरून दारापर्यंत माझ्यामागे आल्या.

धुरात जिन्याचा कठडा चाचपत मी उतरलो. माझे पाय थरथरले नाहीत. श्वास फुलला नाही. त्रेपन्न वर्षांचा, पोट सुटलेला भंडारी मी, तापलेला जिना झरझर उतरत होतो, आणि ते पाय कुणाच्या धावण्यानं तयार झाले होते ते मला ठाऊक होतं. मधल्या टप्प्यावर तो कुशीवर पडला होता. मुखवटा त्यानं ओढून काढलेला. टाकीतली हवा संपली होती.

मी वाकलो, त्याला उचलायला सगळा जोर लावला आणि जवळजवळ मागेच कोलमडलो. एवढ्या जोराची गरजच नव्हती. त्याच्यात वजनच राहिलं नव्हतं.

मॅडम डेकवर त्याची छाती दाबत राहिल्या. कुणी त्यांना थांबा म्हणेना. शेवटी इब्राहिमभाईनंच त्यांचे हात धरले. मी त्याच्या टाकीकडे बघत होतो. दोघांच्या टाक्या सारख्याच भरलेल्या होत्या. इब्राहिमभाईच्या टाकीत निम्मी हवा शिल्लक होती.

जहाजावर माणूस गेला तर त्याला बंदरापर्यंत कुठे ठेवतात, ठाऊक आहे? भंडाऱ्याच्या थंड खोलीत. दुसरी जागाच नसते. मी भाजीची खोली रिकामी केली. कोबी, गाजरं, सगळं बाहेर काढलं, फरशी धुतली, स्वच्छ चादर अंथरली. कप्तान म्हणाले, दुसरं कुणीतरी करेल. मी म्हटलं, माझी खोली आहे, माझा भाचा आहे, मीच करणार. पुढचे दिवस मी स्वयंपाक केला. लोक खाली मान घालून जेवले. पास्कल शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं, तेव्हा त्यानं ताट बाजूला सारलं आणि पोरासारखा रडला. इब्राहिमभाई एकच वाक्य बोलत राहिला. "भंडारी, पास्कलला मी त्याच्याच जोरावर उचललं रे. आणि त्यालाच सोडून आलो."

मीही त्याच जोरावर दुर्वेशला वर आणला होता.

केपटाउनला तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. मॅडम त्यांच्याबरोबर होत्या. परत आल्या त्या थेट गॅलीत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"त्याचे स्नायू कैक महिने अंथरुणावर पडून असलेल्या माणसासारखे झाले होते," त्या म्हणाल्या. "तो रोज धावत होता, पण निरोप त्याच्या स्वतःच्या शरीराला पोचायच्या आधीच आपण गाळून घेत होतो. एक दिवसाआड घेत होतो तोवर थोडे उरत असावेत. नंतर काहीच उरलं नाही. नुसती झीज झाली, भरून काही निघालं नाही."

"आणि तुमचे ते वाढणारे आकडे?"

"शरीर जितकं थकलेलं, तितके ते जास्त निरोप सोडतं. मदत मागत होतं ते, भंडारी. मी त्याला कस म्हणत होते."

त्यांना शिव्या द्यायचं माझ्या मनात होतं. सांगतो ना, मी फटकळ आहे. पण मी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. त्यांनी सगळं लिहून कंपनीकडे पाठवलं. 'नीलांबरी'वर रस बंद झाला. इतर जहाजांवर गाळायचं प्रमाण थोडं कमी केलं म्हणतात, पण तिथे धावक अजून धावतायत.

दर्शनासमोर मी कसा उभा राहिलो ते विचारू नका. मला वाटलं होतं ती माझ्या अंगावर धावून येईल. यायला हवं होतं. तिनं सगळं निमूट ऐकून घेतलं, तो कसा आत गेला, पास्कल कसा वाचला. दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी तिनं मला अंगणात गाठलं.

"दादा, तो म्हणायचा, दहा जणांच्या पायांत आसंय. खरं का ते?"

"खरं."

"मग तुझ्यात पण?"

मी मान डोलावली. तिनं पुढे होऊन माझ्या छातीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून उभी राहिली. बराच वेळ. मग आत गेली.

मी जहाज सोडलं होतं. कुडाळला हृदयाची तपासणी केली तेव्हा तिथला तरुण डॉक्टर कौतुकानं म्हणाला, "काका, पंचविशीतल्या पोराचं हृदय आहे हे! रोज धावता वाटतं?" मी बाहेर येऊन रिक्षास्टँडवर ढसाढसा रडलो. लोक बघत होते. बघू देत.

आणि दुसऱ्या दिवसापासून मी खरंच धावायला लागलो. दुर्वेश सांगून गेला होता ना, रस बंद झाला की महिनाभरात सगळे ढिले पडतील. मला ते उतरू द्यायचं नव्हतं. तो माझ्या पायांतून, माझ्या छातीतून उतरून जाईल आणि मी नुसता भंडारी उरेन, या विचारानं मला झोप लागेना. म्हणून सकाळी किनाऱ्यावर, होड्या लावतात तिथून खडकापर्यंत आणि परत. गावातले लोक आधी हसले. "काय भंडारी, म्हातारपणी लगीन ठरला काय?" मी त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या आणि धावत राहिलो. पाय सुजले, तरी धावलो.

दर्शना येऊन होडीच्या कडेला बसायला लागली. मी धापा टाकत परत आलो की ती उठायची, माझ्या छातीवर हात ठेवायची आणि विचारायची, "आसा मा?" म्हणजे, आहे ना तो?

"आसा गो," मी म्हणायचो.

मग ती पाणी द्यायची आणि आम्ही घरी जायचो.

मध्यंतरी मॅडमचा फोन आला. त्यांनी नोकरी सोडली, आता धावकांसाठी कोर्टात धडपडतायत. बोलता बोलता मी त्यांना विचारलं. रस किती दिवस राहतो हो अंगात? एवढा धावतोय मी, अजून असेल ना त्याचा काहीतरी? त्या म्हणाल्या, "भंडारी, ते निरोप काही आठवड्यांत विरून जातात. त्यांनी कमावलेलं बळही एव्हाना गेलं असेल. आज तुमच्यात जे आहे ते तुमच्या धावण्यानं आलेलं आहे. सगळं तुमचंच."

सगळं माझंच. मला ते ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावलो. दर्शना नेहमीच्या जागी होती. तिनं छातीवर हात ठेवला. आत धडधडत होतं, जोरात. "आसा मा?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं, पण मला खोटं बोलता येईना आणि खरंही बोलता येईना. तिनं हात काढला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली,

"दादा, माका म्हायत आसा. तरी तू उद्या धावाक ये."